पुढच्या खांद्याचा मान

आईसाहेब, तुम्हाला घरातून उचललं तेव्हा व्याळावर कुणीही बसलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. रागवायचं असेल तर रागवून घ्या आणि मग पुढचं ऐका. जिवंतपणी माझं एकही बोलणं तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत. "पुरे, मास्तरीणबाई," म्हणून हात वर करायचात. आता तेवढी सोय तुमच्याकडे राहिलेली नाही.

तेराव्याला तुमच्यावर एक पुस्तिका काढायचं कारभाऱ्यांच्या मनात आहे. संस्थान विलीन होऊन इतकी वर्षं लोटली तरी कारभारी कारभारीच आहेत. कुलगावातल्या तीन खोल्या आणि एका ओसरीचा कारभार ते पाहतात. धाकट्या सूनबाईंनी दोन पानं लिहावीत म्हणाले आणि सोबत विशेषणंही देऊन गेले: प्रजावत्सल, धर्मपरायण, राजमाता. प्रजेपैकी आपल्याकडे अलीकडे फक्त दूधवाला येत असे, आणि दुधातल्या पाण्यावरून त्याच्याशी तुमचं रोज वाजत असे. म्हणून विशेषणं मी बाजूला ठेवली. लिहिते आहे तुम्हाला, पण वाचायचं आहे ते ताराने, तुमच्या थोरल्या मुलाच्या मुलीने. ती आता मोठी झाली आहे. आपल्या घरात कोण कुणाशी का बोलत नाही, हे विचारायचं तिचं वय आहे.

परक्यांना आधी व्याळ समजावून द्यावा लागतो. अंग सापाचं, पाय वाघाचे, पाठीवर पंख, आणि चेहरा असा की नुकतंच कुणीतरी त्याला उद्धट उत्तर दिलं आहे. तुमच्या सासरचा मूळपुरुष असल्या व्याळावर बसून शत्रूच्या वेढ्यातून उडून गेला आणि जिथे उतरला तिथे त्याचं राज्य झालं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही ही कथा सांगितलीत. मी पुण्याच्या शाळामास्तरांची मुलगी, माहेरी पुस्तकं जास्त आणि भांडी कमी. मी म्हटलं, "घोड्यावरून गेले असतील, आईसाहेब."

तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, "घोड्यावरून गेलेल्यांची घराणी वेगळी असतात."

त्या दिवशी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

खरा व्याळ गेला, लाकडाचा राहिला. सागवानी, मोठ्या बैलाहून मोठा, खाली दोन लांब दांडे. त्याचे नियम दोन. दसऱ्याला तो उडवायचा, म्हणजे भोयांनी खांद्यावर घेऊन राजवाड्याच्या दरवाज्यापासून उतारावरून पळत शिवेवरच्या शमीपर्यंत न्यायचा. पाठीवर थोरला मुलगा, दोन्ही हात मोकळे. धरून बसला तर तो राजाचा मुलगा नव्हे. मागे शेपटीला बांधलेला दोर धाकट्या मुलाच्या हातात, उतारावर जनावर आवरायला. दुसरा नियम मरणाचा. घरचा धनी गेला की त्याला उचलण्याआधी नव्या धन्याने व्याळावर बसायचं. जागा रिकामी असताना तिरडी उंबऱ्याबाहेर गेली तर घराणं संपलं. राज्य म्हणाल तर चांगल्या घोड्याला दम लागायच्या आत संपेल एवढं. नियम मात्र मोठ्या राज्याचे होते.

विलीनीकरणाच्या आधीचा तो शेवटचा दसरा. आपले पिढीजात भोई सगळे एका भावकीतले, उंचेपुरे. त्या वर्षी त्यांनी पांढऱ्या टोप्या घातल्या आणि यापुढे माणूस माणसाला उचलणार नाही, असं कळवलं. मला ते पटलं होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मामंजी, म्हणजे महाराज, दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा तुमच्या चोळीबांगडीला दिलेल्या गावातली माणसं आपणहून डोंगर ओलांडून आली. काटक, ठेंगणी, अंगावर घोंगड्या. तुमचे डोळे भरून आले. तुम्ही मामंजींना म्हणालात, "संकटात हीच आली. पुढचा खांदा त्यांना द्या."

पुढचा खांदा मानाचा. मामंजींनी तो दिला. मागच्या दांड्यांना राजवाड्यातले शिपाई लागले, आणि आपल्याकडे शिपाई उंची बघूनच ठेवत.

मी आणि जाऊबाई वर सज्जात उभ्या होतो. मी त्यांना म्हटलं, "तुमचा व्याळ आज जमीन हुंगत चाललाय." त्या हसल्या. मग उतार लागला. पुढची माणसं आधीच बुटकी, त्यात उतार. जनावराचं तोंड खाली गेलं, शेपटी वर झाली, आणि पाठीवरचे दादासाहेब, तुमचे थोरले, नियमाप्रमाणे हात मोकळे ठेवून पुढे फेकले गेले. मागे दोर धरून तुमचे धाकटे, माझे यजमान आबासाहेब, टाचा रोवून मागे रेलले होते. ते तसेच फरफटत गेले. मग दोर सुटला.

दादासाहेब तिसऱ्या दिवशी गेले. शेवटच्या घटकेला सगळं घर त्या खोलीत होतं. तुम्ही त्यांच्या उशाशी होतात. तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "दोर कुणाच्या हातात होता?"

तो नुसता प्रश्न होता, आरोप नव्हता, असं पुढे एकदा तुम्ही मला म्हणालात. पण मुलाच्या उशाशी बसलेल्या राणीने भरल्या खोलीत विचारलेला प्रश्न प्रश्न राहत नाही. आबासाहेब भिंतीशी उभे होते. दोन्ही तळहातांची सालं गेलेली, मी हळद भरून फडकी बांधलेली. ते म्हणाले, "माझ्या."

पुढे कुणी काही विचारलं नाही. जाऊबाईंनी त्या दिवसापासून आबासाहेबांशी बोलणं टाकलं. तेव्हा ताराला चालताही नीट येत नव्हतं. ती आईच्या कडेवरूनच काकांना ओळखायला शिकली, आणि जे शिकली ते चांगलं नव्हतं.

मग राज्य गेलं. मामंजींनी हवापालटासाठी बदलापूरला नदीच्या अंगाला टेकाडावर बंगला बांधून ठेवला होता, तिथे आपण आलो. व्याळ मालट्रकातून आला. त्याचे पंख ताडपत्रीत मावले नाहीत. आबासाहेबांना अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली. कारभारी लोकांना सांगत, "धाकटे महाराज शस्त्रागार पाहतात." घर बदललं, पण घरातलं बोलणं-न बोलणं आपण तसंच्या तसं उचलून आणलं होतं. जेवताना जाऊबाईंना मीठ हवं असलं की त्या मला सांगत, मी आबासाहेबांना, आणि मीठ त्याच वाटेने परत जाई.

दोन पावसाळ्यांनी मामंजी गेले. तिरडी बांधून झाली आणि सगळे आबासाहेबांकडे बघायला लागले. ते जागचे हलले नाहीत. कारभारी पुढे झाले. "धाकटे महाराज, बसून घ्या."

"थांबा," तुम्ही म्हणालात. "माझ्या डोळ्यांदेखत तो बसणार नाही."

"मग कोण, आईसाहेब?"

"मी."

गुरुजी म्हणाले, "अहो, पण शास्त्र..."

"शास्त्र मागाहून सांगा. आधी स्टूल द्या."

स्टूल मी दिलं. कपाळ नुकतंच पुसलेलं, पांढरं लुगडं सावरत तुम्ही व्याळावर चढलात आणि हात मोकळे ठेवून, समोर बघत, मामंजींना नेईपर्यंत बसून राहिलात. राजेरजवाड्यांच्या समारंभांबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण राज्यारोहण एवढं एकच पाहिलं आणि ते मला पटलं. आणि त्याच क्षणी, तुमच्या पायाशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा तुम्ही सगळ्यांसमक्ष दुसऱ्यांदा निकाल लावलात, हेही मी विसरले नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच वेळी केल्या. तुमच्यावर लिहायचं तर ही अडचण आहे.

कारण तुम्ही मला जपलंतही. कल्याण कॅम्पात, आता ज्याला उल्हासनगर म्हणतात तिथे, मी निर्वासितांच्या शाळेत शिकवायला जायचं ठरवलं तेव्हा कारभारी हादरले. "राजघराण्यातली सून निर्वासितांना शिकवणार?" तुम्ही त्यांना म्हणालात, "आपण वेगळे कोण आहोत, कारभारी?" मी विषमज्वराने पडले होते तेव्हा तुम्ही रोज माझ्याजवळ बसून माझंच एक इंग्रजी पुस्तक घेऊन वाचून दाखवायचात. इंग्रजीचं एक अक्षर तुम्हाला येत नव्हतं. चित्रं बघायची आणि गोष्ट लावायची. एका चित्रात चिलखत घातलेला एक स्वार व्याळासारख्या जनावराला भाला मारत होता. तुम्ही चष्मा काढलात. "हा मूर्ख कोण? बसायचं सोडून मारतोय." मला हसताना उमासा आला, आणि तुम्ही परात धरलीत.

अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराच्या भिंतीवर एक व्याळ कोरलेला सापडला तेव्हा तुम्हाला कोण आनंद झाला होता. "पाहा. हा आपला."

"त्याला पंख नाहीत, आईसाहेब."

"मिटलेत."

असं तुमच्याशी वाद घालणं. तुमचं राज्य मला शेवटपर्यंत खोटं वाटत आलं, पण तुम्ही कधी खोट्या वाटला नाहीत. म्हणूनच टेकाडावरच्या त्या सकाळी माझ्या पायाखालची वाळू सरकली.

बंगला गळायला लागला होता आणि आपण कुलगावात स्टेशनजवळ लहान घर घेतलं. पावसाने वाट खचलेली, ट्रक वर येईना. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, वाधुमल, लग्नांना मांडव आणि वाजंत्री पुरवायचे. ते माणसं घेऊन आले. व्याळाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

"राणीसाहेब, ये हमको दे दो. दूल्हा बिठाएँगे. पूरा कॅम्प देखने आएगा."

"यावर राजे बसतात," तुम्ही म्हणालात.

"दूल्हा भी एक दिन का राजा होता है, माँजी. बाकी हमारा भी उधर सिंध में बहुत था." तुम्ही त्यांच्यासाठी चहा सांगितलात. इतर कुणासाठी तुम्ही स्वतः चहा सांगितलेला मला आठवत नाही.

हमाल जवळच्या खरवई गावचे होते. त्यातला एक व्याळाच्या पंखाखाली वाकून म्हणाला, "आयसाब, ह्यो जनावर खातो काय? कवरा जड हाय." सगळे हसले. दांडे खांद्यावर गेले. पुढे दोन बुटके गडी लागले होते. तुम्ही खुर्चीवर बसला होतात. जनावर उताराच्या तोंडाशी आलं आणि तुम्ही ओरडलात, "थांबा. उंच माणसं पुढे घ्या. उतार आहे, तोंड खाली जाईल."

वाधुमलनी माणसं बदलली. त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. उतारावरून ओझं नेणाऱ्याला ते ठाऊकच असतं. हमाल हळूहळू खाली गेले आणि व्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ, पाण्यावर ठेवल्यासारखा गेला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. आबासाहेब सवयीने शेपटीमागे उभे होते, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी, कारखान्याची वेळ झालेली. त्यांनीही ऐकलं. पिशवी सारखी केली आणि ते स्टेशनकडे निघून गेले.

दुपारी नव्या घरात तुमचं अंथरूण घालताना मी विचारलं, "केव्हापासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"पुरे, मास्तरीणबाई." या वेळी हात मात्र वर झाला नाही.

त्यानंतर तुम्ही होतात तितका काळ या घरात आम्ही तिघं एकच गोष्ट जाणत होतो, की दादासाहेब पडले ते दोरामुळे नव्हे, पुढच्या खांद्यामुळे, आणि तिघंही ती एकमेकांपासून लपवत होतो. मी वाट पाहत होते. तुम्ही एक वाक्य बोलावं, जाऊबाईंसमोर, तारासमोर. माझ्या बोलण्याला किंमत नव्हती, मी आबासाहेबांची बायको. त्यांच्या स्वतःच्या बोलण्याला तर नव्हतीच. या घरात खरं ठरायचं ते तुमच्या तोंडून. आबासाहेब संध्याकाळी कारखान्यातून आले की हातपाय धुऊन तुमच्या कॉटजवळ बसत. तुम्ही विचारायचात, "आज उकडत होतं का तिकडे?" ते म्हणत, "थोडं." मी आत भाकरी थापत असे, आणि प्रत्येक गप्प राहण्यानंतर आता तुम्ही बोलाल म्हणून माझा हात थांबत असे. तवा जळायचा. तुम्ही बोलला नाहीत.

शेवटच्या आठवड्यात मी लाज सोडली. जाऊबाई ताराला घेऊन बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, "आईसाहेब, त्यांच्यासाठी एकदा सांगा. तुम्ही वाईट केलं असं कुणी म्हणणार नाही. ती माणसं आली, तुम्ही त्यांना मान दिलात. एवढंच झालं."

तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "ताराला बाप नाही. आजी तरी राहू दे."

"आणि काका?"

"तो सोसतो," तुम्ही म्हणालात. "पाणी द्या."

मी पाणी दिलं. तुमच्याकडे एक ओझं होतं आणि दोन मुलं होती, त्यातलं एक गेलेलं. ते ओझं तुम्ही स्वतः घेतलं असतंत तर मोडला असतात. म्हणून ज्याला पेलेल त्याच्यावर ठेवलंत. मला हे कळतं. माफ करता येत नाही, पण कळतं. मागच्या दोन-चार दिवसांत तर असं झालंय की तुमच्यावर चिडून मी भांडी आपटते आणि मग लक्षात येतं की आवाज कमी करा म्हणणारं कुणी नाही, आणि तिथेच खाली बसते.

ही पानं छापायला देऊ का, असं मी आबासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आईला लागेल असं काही आहे त्यात?"

"आहे."

"खरं आहे?"

"हो."

"मग मान दिला होता, हेही लिही. ती माणसं भर पावसात आली होती."

आता तुमच्या जाण्याचा दिवस. तिरडी ओसरीवर होती, शेजारी व्याळ. कुलगावच्या घरात निम्मी ओसरी त्याचीच, तिरडी तिरकी ठेवावी लागली. कारभारी फेटा बांधून आले होते. "महाराज," ते म्हणाले. धाकटे हा शब्द त्यांनी त्या दिवशी गाळला. "बसून घ्या. मंडळी खोळंबलीत."

जाऊबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. ज्या जागेपायी या माणसाने सख्खा भाऊ जाऊ दिला असं त्या इतकी वर्षं मानत आल्या, ती जागा त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होती आणि अडवणारं कुणी उरलं नव्हतं. त्या तो चढण्याची वाट पाहत होत्या. चढला असता तर त्यांना निदान आपलं बरोबर होतं एवढं तरी मिळालं असतं.

"नाही," आबासाहेब म्हणाले.

"महाराज, घराणं..."

"कारभारी, आईला उन्हात न्यायचं नाही. उचला."

आणि ते तिरडीला खांदा द्यायला वाकले. कारभाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. तुम्ही उंबरा ओलांडलात, जागा रिकामी होती, आणि नियमाप्रमाणे तुमचं घराणं तिथे संपलं.

स्मशानातून सगळे परत आले. आबासाहेब आंघोळ करून ओसरीच्या कडेला बसले. तारा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्याशी स्वतःहून बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

"तुम्ही का नाही बसलात?"

"मला उंचावर भीती वाटते गं."

ती हसली नाही. थट्टा आहे की काय, हे बघत राहिली.

"खरंच. लहानपणापासून. तुझा बाप बुरुजावर चढायचा, मी खालून त्याला उतर म्हणून ओरडायचो. दोर धरायचं काम माझं, हे कळलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. वर बसायचं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही. आजीला विचार..." म्हणाले, आणि थांबले.

जाऊबाई दाराशीच होत्या. "भावोजी," त्या म्हणाल्या. "हे तेव्हा का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नाही, वहिनी."

त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. खाली ठेवला नाही, माझ्याकडेही दिला नाही. सरळ आबासाहेबांच्या हातात दिला.

आईसाहेब, हे तुम्ही पाहायला हवं होतं. तुम्ही असतात तर ते झालं नसतं, हेही मला ठाऊक आहे.